स्लीव्ह सर्जरी झाली, सिगारेट सुटली, आणि वजन पुन्हा चढायला लागलंय

लाइटमन_ठाणे

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

वय ४७. मी व्यावसायिक नाटकांचे लाइट ऑपरेट करतो. तीन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती सर्जरी. तेव्हा वजन १२८ किलो, शुगर, बीपी, शिवाय झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन लावून झोपायचो. दीड वर्षात ८४ वर आलो. मशीन सुटलं, शुगरची गोळी एकावर आली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी पुन्हा शिडी चढायला लागलो. प्रेक्षागृहात वर पाइपवर लाइट लावलेले असतात, ते फोकस करायला शिडीवर चढावं लागतं. १२८ किलोचा असताना मी खाली उभा राहून पोरांना सांगायचो, ‘थोडा डावीकडे, अजून थोडा’, आणि ते त्यांच्या परीने करायचे. आता माझा प्रत्येक लाइट मी स्वतःच्या हाताने फोकस करतो. ज्याने हे काम केलंय त्यालाच यातला फरक कळेल.

सर्जरीआधी डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला लावली होती. पुढे दौऱ्यांत ती परत सुरू झाली. गेल्या पावसाळ्यात रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायला लागलं. दुर्बिणीतून तपासलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि जखमा. डॉक्टर म्हणाले, स्लीव्हनंतर काहींना हा त्रास होतोच, पण सिगारेटमुळे जठराच्या तोंडाची झडप आणखी सैल पडते. वडील शेवटची काही वर्षं ऑक्सिजनवर होते, ते मी बघितलंय. दिवाळीच्या पाडव्याला सिगारेट सोडली. त्यानंतर ओढलेली नाही.

पण दिवाळीला ८५ असलेलं वजन संक्रांतीला ९१ झालंय.

भूक लागते असं नाही. अर्धा बटाटावडा खाल्ला तरी पोट गच्च होतं. अडचण प्रयोगाच्या वेळची आहे. आमच्या दुसऱ्या अंकात एक लांब प्रवेश आहे, त्यात मला एकही क्यू, म्हणजे लाइट बदलायची खूण, नाही. बोटं बोर्डवर, नजर रंगमंचावर आणि तोंड मोकळं. पूर्वी मध्यंतरातल्या सिगारेटच्या जोरावर मी हा प्रवेश काढायचो. आता बूथमध्ये चिवड्याची पुडी फोडलेली असते आणि पडदा पडेपर्यंत ती रिकामी होते. चिवड्याने पोट भरत नाही, जडही वाटत नाही. मध्यंतरात मागच्या दारापाशी सगळे उभे असतात, तिथे आता मी चहा पितो, कधी दोन. प्रयोग संपला की सेट टेम्पोत चढेपर्यंत बारा, आणि मग ढाबा.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ माणसाने परवा सांगितलं, ‘ओढत होतास तेव्हा बारीक होतास. दिवसाला दोन-तीन सुरू ठेव, वजन येईल खाली.’ माझं वाईट व्हावं म्हणून तो बोलला नाही, माझी काळजी आहे त्याला. पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

सर्जरीनंतर सिगारेट किंवा तंबाखू सोडलेलं कुणी आहे का इथे? वजन कुठे थांबलं? आणि दौऱ्यावर, रात्रीच्या वेळी खाण्याचं कसं जमवलंत? ८४ चा हट्ट नाही. शिडी सुटायला नको.

---

डोंबिवलीकर

दादा, मी सर्जरीवाला नाही, पण सिगारेट सोडल्यावर माझंही वजन वाढलं होतं. मी मधला मार्ग काढला, दिवसाला फक्त दोन, जेवणानंतर. वजन हाललेलं नाही. इतक्या कमी प्रमाणात काय होणार आहे? उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका.

---

कृष्णाकाठ

लाइटमनदादा, मी सांगली जिल्ह्यातली, अंगणवाडीत काम करते. माझी बायपास झाली, म्हणजे जठराचा लहान कप्पा करून तो आतड्याला जोडतात ती. इन्शुलिन चालू होतं म्हणून डॉक्टरांनी तीच सुचवली.

मी सिगारेटवाली नाही, मिश्रीवाली. आमच्याकडे घरोघरी बायका लावतात. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी भांडी झाली की, चारला, झोपताना. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. सर्जनबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत डबी टेबलावर ठेवायला लावली. म्हणाल्या, तंबाखू कोणत्याही रूपात नको, नाहीतर मी ऑपरेशनला घेणार नाही.

डोंबिवलीकर भाऊ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण बायपासवाल्याने दोन सिगारेटचा विचारही करू नये. मी फॉलोअपला जायची तेव्हा तिथे एक गृहस्थ यायचे. सर्जरी उत्तम झाली होती, वजन झरझर उतरलं, आणि मग सिगारेट परत सुरू. जठर आणि आतडं जिथे जोडतात त्या जोडावर अल्सर झाला. काळी शौच व्हायला लागली, हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की रक्त चढवावं लागलं. त्यांची बायको बाकावर बसून सांगत होती, काही खाल्लं की कळ येते म्हणून जेवणालाच घाबरतात. बारीक झाले होते, हो. तसलं बारीक होणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. दादांची स्लीव्ह आहे, त्यात तो जोड नसतो, पण त्यांची अन्ननलिका आधीच दुखावलेली आहे.

आता वजनाचं. मिश्री सुटल्यावर माझं पाच किलोच्या आसपास वाढलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा थांबला. काही केलं नाही म्हणून थांबला असं नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत ज्या वेगाने चढत होता तो वेग आपोआप ओसरला. पुढच्या वर्षात त्यातलं बरंचसं उतरलंही.

माझं एक निरीक्षण सांगते. मला चार वेळा तलफ यायची आणि त्या चारही वेळा मिश्रीच्याच होत्या. त्या वेळेला तोंडात काही गेलं नाही की हात डब्याकडे जायचा, मग शेंगदाणे, गूळ, बालवाडीतल्या पोरांची बिस्किटं. मी त्या चार वेळांचं काहीतरी ठरवूनच टाकलं. सकाळी साध्या पेस्टने दात घासून लगेच अंगण झाडायला घ्यायचं. दुपारी भांडी झाली की तिथे बसायचंच नाही, बसलं की डबी आठवते. चारला ताक. झोपताना लवंग. तलफ आली की पाच मिनिटं काढायची, ती जाते. खरंच जाते. मला पहिल्या आठवड्यात हे कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

आणखी एक, जे लाजेने कोणी विचारत नाही. तंबाखू सुटली की पोट साफ होत नाही. माझं तर चार-चार दिवस कुलूप. मला वाटायचं पोट फुगलंय म्हणजे चरबीच वाढली. बाईंनी इसबगोल दिलं, पाणी वाढवायला सांगितलं, दोन आठवड्यांत बरं वाटलं. तुम्हाला तसं होत असेल तर संकोच न करता विचारा.

---

आहारतज्ज्ञ_पुणे

लाइटमन, मी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायची सर्जरी झालेल्या रुग्णांसोबत काम करते. तुम्ही इतकं स्वच्छ लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देते. औषधांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे.

आधी वजन का वाढतं ते. निकोटिन भूक दाबतं आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च थोडा वाढवतं. ते बंद झालं की दोन्ही गोष्टी उलट्या होतात. सर्जरी न झालेल्या लोकांच्या अभ्यासांत, सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढ दिसते आणि त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांत होते. काहींचं १० किलोच्या वर वाढतं, काहींचं उलट कमी होतं. म्हणजे तुम्ही सध्या सगळ्यात चढणीच्या टप्प्यात आहात. अडीच महिन्यांत सहा किलो वाढले म्हणून वर्षात तीस वाढतील असा हिशेब मनात करत असाल तर तो सोडा.

दुसरं असं की स्लीव्हनंतर साधारण १२ ते १८ महिन्यांत वजन सगळ्यात खाली जातं आणि मग बहुतेकांचं थोडं वर येतं. तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात. तेव्हा सहाच्या सहा किलो सिगारेटच्या नावावर टाकू नका.

‘दोन-तीन ओढ’ या सल्ल्याबद्दल. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसाव्या भागाइतका नसतो. डोंबिवलीकर, हे तुमच्यासाठीही लिहितेय, मनापासून. आणि लाइटमन, तुम्हाला शुगर, बीपी दोन्ही होतं. सहा किलोंसाठी हा धोका परत घ्यावा असं मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

आता तुमच्या चिवड्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे नाही, खरी अडचण तिथे आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो. त्यामुळे घट्ट अन्न, भाकरी, अंडं, पनीर, चिकन थोडं खाल्लं की पोट भरतं. पण चिवडा, शेव, खारी, बिस्किट, आइस्क्रीम हे चावताना विरघळतं आणि सरकून जातं. सर्जरीने लावलेला ब्रेक या पदार्थांना लागतच नाही. मूठभर शेव म्हणजे ३० ग्रॅम धरली तरी दीडशेच्या वर कॅलरी. तुम्हाला जड वाटत नाही ते यामुळेच, आणि वजन वाढतंय तेही यामुळेच.

बूथमध्ये काहीतरी लागणारच. ते तोडायला जाऊ नका, बदला. भाजलेले फुटाणे छोट्या डबीत मोजून न्या, डबीचा आकार घरी ठरवायचा, बूथमध्ये नाही. ते चावायला वेळ लागतो, प्रोटीन मिळतं. मात्र नीट चावा, स्लीव्हमध्ये अर्धवट चावलेला फुटाणा अडकल्यासारखा वाटतो. सिगारेट सोडणारे पुष्कळजण पेपरमिंटच्या गोळ्या चघळतात, तुम्ही ते करू नका, पुदिन्याने अन्ननलिकेची झडप आणखी ढिली पडते.

चहाबद्दल बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. सिगारेट सुटली की तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा शरीरात जास्त वेळ टिकतो. मग छातीत धडधड, हाताला चाळा, रात्री झोप नाही, आणि माणसाला वाटतं ही तलफच आहे. तुम्ही तर चहा वाढवलाय. निम्म्यावर आणा, संध्याकाळी पाचनंतर शक्यतो नकोच. शिवाय प्रत्येक कटिंगमध्ये साखर असते, तिचा हिशेब कुणी ठेवत नाही.

ढाबा. साडेआठचा प्रयोग असेल तर मुख्य जेवण साडेसहा-सातला, प्रयोगाआधी. प्रोटीन आधी खायचं: दोन अंडी (प्रत्येकी ६ ग्रॅम), किंवा १०० ग्रॅम पनीर (१८ ग्रॅमच्या आसपास), किंवा चिकन-मासे, नंतर भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. दिवसभरात ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन झालं पाहिजे. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, सोबत नाही. रात्री एकला ढाब्यावर जेवून लगेच बसमध्ये आडवं होणं तुमच्या वजनाला नडतंच, पण त्या जखमांना जास्त नडतं. ढाब्यावर सगळ्यांसोबत बसा, साधं वरण वाटीभर घ्या आणि पुढचे दोन-तीन तास टेकून बसा, आडवं होऊ नका.

या काळात कडक डाएट सुरू करू नका. एकाच वेळी दोन लढाया काढल्या की माणूस सिगारेटकडे परत जातो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. सध्याचं काम वजन ९१ च्या आसपास थोपवणं. उतरवणं नंतर. आठवड्यातून एकदाच काट्यावर उभे राहा.

तपासण्या करून घ्या: एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, आयर्न. सर्जरीनंतरच्या गोळ्या चुकत असतील तर थकवा येतो आणि थकलेला माणूस गोड शोधतो. आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते, प्रयोगानंतर दारू वाढली आहे का? सर्जरीनंतर ती लवकर चढते आणि एक सवय सुटली की दुसरी तिची जागा घेऊ बघते.

तलफ अजून जोरात असेल तर डॉक्टरांशी निकोटिन पॅच किंवा गोळ्यांबद्दल बोला. पॅच, च्युइंगम यांनी वजनवाढ थोडी पुढे ढकलली जाते, तेवढी उसंत उपयोगी पडते. तुमच्यासाठी च्युइंगमपेक्षा पॅच बरा, कारण च्युइंगमची लाळ गिळली जाते आणि त्याने जळजळ वाढते. बायपासवाल्यांनी निकोटिनचं काहीही सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं शोषणही त्यांच्यात बदलू शकतं. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो तोच नंबर.

---

डोंबिवलीकर

एक सिगारेट म्हणजे निम्मा धोका, हे मला माहीत नव्हतं. नंबर सेव्ह केलाय.

---

लाइटमन_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये विदर्भाचा दौरा होता, म्हणून उशीर झाला.

कृष्णाकाठ ताई, तुमचं वेळांचं म्हणणं मी जसंच्या तसं उचललं. माझ्या वेळा तीन: मध्यंतर, तो लांब प्रवेश, आणि सेट भरताना. मध्यंतरात मागच्या दाराला जाणं बंद केलं. आता बूथमधून निघून थेट रंगमंचावर जातो आणि दुसऱ्या अंकाचे स्पेशल लाइट एकदा तपासून घेतो. एका प्रयोगात त्यामुळे उडालेला दिवा वेळेत सापडला. लांब प्रवेशासाठी फुटाण्यांची डबी. सेट भरताना हात रिकामेच नसतात, मी आता केबल गुंडाळायचं काम स्वतःकडे घेतलंय. हे पोरांचं काम, पण त्यांनीही काही विचारलं नाही, बाजूला सरकून जागा दिली.

मॅडम, दारू नाही, ती सर्जरीनंतर पूर्ण बंद आहे. चहा मी दिवसाला दोनवर आणला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून झोप लागायला लागली. हे इतकं सरळ असेल असं वाटलं नव्हतं. जेवण प्रयोगाआधी करतोय. दौऱ्यावर नाट्यगृहाच्या कँटीनवाल्याला सकाळीच फोन करून दोन उकडलेली अंडी सांगून ठेवतो, सगळीकडे मिळतात. ढाब्यावर वरण. पहिल्या रात्री सगळ्यांनी विचारलं, आता नाही विचारत. वजन ९०.४, म्हणजे चढणं थांबलंय. रिपोर्टमध्ये बी१२ कमी निघालं, इंजेक्शन सुरू झालंय. थायरॉइड ठीक.

त्या ज्येष्ठांना तुमचा हृदयविकाराचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, ‘माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हे कोणी असं समजावलं नव्हतं.’ ते अजून ओढतात. पण माझ्यासमोर पाकीट काढत नाहीत.

डॉक्टरांनी पॅच लिहून दिलाय. दोन शंका आहेत. माझं काम घामाचं, वर पाइपजवळ लाइट तापलेले असतात. पॅच सुटत नाही ना? आणि मी दुपारी अकराला उठतो, रात्री तीनला झोपतो. मग लावायचा कधी, काढायचा कधी?

---

आहारतज्ज्ञ_पुणे

वजन थांबलं हे वाचून फार बरं वाटलं. या टप्प्यावर यापेक्षा जास्त मागूही नका.

पॅच घड्याळाप्रमाणे नाही, तुमच्या जागण्याप्रमाणे. उठलात की लावा. रात्री विचित्र स्वप्नं पडली किंवा झोप चाळवली तर झोपताना काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी उठल्यावर बदला. दंडाच्या वरच्या बाजूला, छातीवर किंवा पाठीवर, जिथे केस कमी आहेत आणि कातडी कोरडी आहे तिथे लावायचा. आधी तेल, पावडर, क्रीम काही नको. लावल्यावर तळहाताने दहा सेकंद घट्ट दाबून धरा, कडा नीट चिकटल्या पाहिजेत. रोज जागा बदला, त्याच जागेवर लावला तर खाज सुटते. घामाने सहसा निघत नाही, पण निघालाच तर नवीन लावा आणि पुढचा पॅच नेहमीच्या वेळेलाच.

एक काळजी मात्र घ्या. कातडी तापली की पॅचमधलं निकोटिन जास्त वेगाने शरीरात जातं. लाइट फोकस करायच्या दिवशी छातीवर किंवा दंडावर न लावता पाठीवर, शर्टाच्या आत लावा. वर असताना चक्कर, मळमळ किंवा धडधड वाटली तर शिडीवरून आधी खाली या, मग पॅच काढा, आणि डॉक्टरांना कमी ताकदीच्या पॅचबद्दल विचारा.

---

कृष्णाकाठ

दादा, पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, वहिनींना लावायला सांगा. आणि बी१२ ची इंजेक्शनं संपली की परत तपासा, माझं वर्षभरात पुन्हा खाली गेलं होतं.